राउटरचा धनी कोण?

भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला, दोन-चार शिंगे वर काढून बसलेला आणि रात्रंदिवस हिरवे दिवे लुकलुकविणारा तो डबा आता आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, खोलीवर किंवा वसतिगृहात आहे. इंटरनेट अडले की आपण त्याच्याकडे पाहतो, फार तर बटण बंद करून पुन्हा चालू करतो आणि त्याला विसरून जातो. त्याला राउटर म्हणतात एवढे आपल्याला ठाऊक असते. परंतु हा डबा म्हणजे एक सबंध संगणक आहे, आणि कंपनीने त्यात भरलेली आज्ञावली काढून तेथे दुसरी, आपल्या पसंतीची घालता येते, ही गोष्ट आपल्या महाविद्यालयात फार थोड्यांना माहीत असावी. तीच या लेखात सांगायची आहे.

हा विषय विज्ञान शाखेचा, कला शाखेच्या मुलीने त्यात कशाला पडावे, असे एका मैत्रिणीने मला विचारलेच. माझे म्हणणे असे की या विषयाचा अर्धा भाग तारांचा आणि चिपांचा असला तरी उरलेला अर्धा मालकी, परवाना आणि हक्क यांचा आहे. आणि त्यांची चर्चा तर आपण राज्यशास्त्राच्या तासाला रोज करतो.

प्रथम डब्याच्या आत डोकावू. झाकण काढले की तळहाताएवढी एक पाटी दिसते. तिच्यावर प्रोसेसर असतो, चालू काम ठेवण्यासाठी रॅम असते आणि वीज गेली तरी मजकूर न विसरणारी फ्लॅश नावाची स्मृती असते. या फ्लॅशमध्ये कारखान्यातच जी आज्ञावली भरून ठेवतात तिला फर्मवेअर म्हणतात. बटण दाबले की आधी बूटलोडर नावाचा छोटा द्वारपाल जागा होतो, तो कर्नलला उठवतो आणि कर्नल बाकीच्यांना. मग कोणत्या मोबाइलला कोणता पत्ता द्यायचा, बाहेरून आलेले पाकीट कोणाच्या हाती द्यायचे, कोणाला दारातच अडवायचे, ही सारी कामे सुरू होतात. जुन्या वाड्यातला दिवाणजी जे करी तेच हे यंत्र सेकंदाला हजारो वेळा करते. फरक इतकाच की हा दिवाणजी आपल्या वाड्यात राहतो, आपली वीज खातो आणि हुकूम मात्र दुसऱ्याचे पाळतो.

हा दिवाणजी बदलण्याची वाट कशी निघाली, याची हकिकत मोठी रंजक आहे. डिसेंबर २००२ मध्ये लिंक्सिस या अमेरिकन कंपनीने डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळ्या-काळ्या रंगाचा राउटर बाजारात आणला. पुढच्याच मार्चमध्ये सिस्को या बड्या कंपनीने लिंक्सिस विकत घेत असल्याचे जाहीर केले. सौदा सुमारे ५० कोटी डॉलरचा होता. सौदा पुरा होतो न होतो तोच, जून २००३ मध्ये, लिनक्सच्या जाणकारांत बोलबाला झाला की या राउटरच्या पोटात लिनक्स आहे. आता लिनक्स असणे हा काही गुन्हा नव्हे. ते कोणीही वापरावे. पण त्याचा एक परवाना आहे, त्याला जीपीएल म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी तयार केलेल्या या परवान्याची दुसरी आवृत्ती १९९१ सालची, आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९२ मध्ये आपले लिनक्स त्याच्या छत्राखाली आणले. परवान्याचे सार असे: ही आज्ञावली वापरा, वाटा, बदला, विका, मात्र पुढच्याच्या हाती देताना तिचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येईल असा मूळ मजकूर, तोही त्याला द्या आणि तुम्हांला मिळालेले हक्कही द्या.

आपल्याकडच्या जात्यावरच्या ओवीला धनी नसतो. एकीने म्हटली, दुसरीने त्यात आपल्या माहेरचे नाव घातले, तिसरीने एक चरण वाढवला. जीपीएलची रीत बरीचशी तशीच आहे, फक्त तिला कायद्याची कडी घातलेली आहे. ओवी कोणी छापून आपल्या नावावर खपवली तर जाते काही कोर्टात जात नाही. येथे मात्र जाता येते.

लिंक्सिसने लबाडी केली असे सरळ म्हणणे अन्यायाचे होईल. चिप ब्रॉडकॉम कंपनीची होती आणि तिची आज्ञावली लिहिण्याचे काम ब्रॉडकॉमने परदेशातील आणखी एकाकडे सोपविले होते. इतक्या हातांतून फिरून आलेल्या मालात काय आहे, हे विकणाऱ्याने तपासले नव्हते, इतकेच. बराच दबाव आल्यावर जुलै २००३ मध्ये सोर्स कोड खुला झाला. जानेवारी २००४ मध्ये त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प सुरू झाला. नावातला ‘डब्ल्यूआरटी’ हा त्या निळ्या डब्याचाच अवशेष आहे. २००५ मध्ये जर्मनीत डीडी-डब्ल्यूआरटी आले, २००६ मध्ये टोमॅटो. आज ओपनडब्ल्यूआरटी शेकडो प्रकारच्या राउटरांवर चालते आणि त्यांतले बहुतेक लिंक्सिसचे नाहीत.

ही वाट कोणी राजीखुशीने करून दिली नाही, हेही लक्षात घ्यावे. मे २००४ मध्ये जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने हाराल्ड वेल्टे या लिनक्स विकासकाच्या बाजूने निर्णय देऊन साइटकॉम कंपनीच्या राउटरविक्रीवरचा मनाईहुकूम कायम केला. त्या राउटरांतही जीपीएलची आज्ञावली होती आणि परवान्याच्या अटी पाळलेल्या नव्हत्या. अशा परवान्याला न्यायालय किंमत देते की नाही ही शंका त्या निकालाने पुष्कळच दूर केली. डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने अमेरिकेत खुद्द सिस्कोवर दावा लावला आणि मे २००९ मध्ये तो तडजोडीने मिटला. तडजोडीत लिंक्सिससाठी एक अधिकारी नेमायचे ठरले. परवान्यांचे पालन होते की नाही हे पाहणे त्याचे काम. आणि मधल्या काळात, २००५ च्या अखेरीस, त्या लोकप्रिय राउटरच्या पाचव्या आवृत्तीतून लिनक्स काढून टाकण्यात आले होते. फ्लॅश ४ एमबीवरून २ वर आली, रॅम १६ वरून ८ वर. डबा आणि नाव मात्र तेच. लिनक्स हवे असणाऱ्यांसाठी कंपनीने नावापुढे ‘एल’ लावून जुन्या घडणीचा वेगळा राउटर विकला, आणि तो वर्षानुवर्षे खपत राहिला.

आता कोणी विचारील, कंपनीचे फर्मवेअर नीट चालले असताना ही उठाठेव कशाला? माझे उत्तर दोन प्रकारचे आहे.

पहिले सुरक्षिततेचे. राउटर आठ-दहा वर्षे सहज टिकतो, पण त्याच्या फर्मवेअरच्या दुरुस्त्या कंपन्या पुष्कळदा दोन-चार वर्षांतच थांबवतात. यंत्र धडधाकट, आणि आतली आज्ञावली मात्र निराधार. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियमचे संशोधक माथी व्हानहूफ यांनी वायफायच्या डब्ल्यूपीए-२ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या कुलपातच ‘क्रॅक’ नावाचा दोष असल्याचे दाखवून दिले. त्या वेळी ओपनडब्ल्यूआरटीतून फुटून निघालेला लेडे नावाचा गट होता (दोन्ही गट जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा एक झाले). त्याने त्याच महिन्यात दुरुस्त आवृत्ती दिली. कंपन्यांनी सोडून दिलेल्या पुष्कळ जुन्या राउटरांना ती बसत होती. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाची घातक आज्ञावली उघडकीस आली; तिने ५४ देशांतली किमान ५ लाख उपकरणे, त्यांत मुख्यतः घरगुती आणि लहान कचेऱ्यांतले राउटर, ताब्यात घेतली होती. आपल्या कोपऱ्यातला डबा परक्याची चाकरी करीत आहे हे त्यांच्या धन्यांच्या गावीही नव्हते.

दुसरे उत्तर आमच्या वसतिगृहाचे आहे. आम्ही १४ मुली आणि ४० एमबीपीएसची एकच जोडणी. परीक्षेच्या आगेमागे कोणी प्रकल्पाची मोठी फाइल वर चढवू लागली की बाकी सर्वांचे बोलणे तुटे, ऑनलाइन तासात सरांचा चेहरा गोठे. जोडणी पुरविणाऱ्याकडे तक्रार केली की ठरलेले उत्तर मिळे: वेग वाढवून घ्या, पैसे भरा. वस्तुतः दुखणे वेगाचे नव्हते, रांगेचे होते.

याचे शास्त्र समजण्यासारखे आहे. रेशनच्या दुकानापुढे एकच रांग आहे आणि पुढे उभा असलेला माणूस सबंध गल्लीची वीस पोती तोलून घेतो आहे अशी कल्पना करा. मागच्या बाईला फक्त किलोभर साखर हवी आहे, पण ती तासभर उभी. राउटरमध्ये पाकिटांची अशीच रांग लागते. स्मृती स्वस्त झाल्यावर कंपन्यांनी ही रांग उभी करण्याची जागा, म्हणजे बफर, फार मोठी करून ठेवली. पाकीट हरवू नये हा हेतू, पण झाले असे की ते हरवत नाही, तिष्ठत राहते. जिम गेटिस यांनी या विकाराला ‘बफरब्लोट’ असे नाव दिले. आपण त्याला रांगेचे अजीर्ण म्हणू. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर ‘कोडेल’ ही पद्धत सुचविली. रांगेची लांबी न मोजता पाकीट किती वेळ तिष्ठले ते मोजायचे, आणि तो वेळ कमी होतच नसेल तर एखादे पाकीट मुद्दाम टाकून द्यायचे, म्हणजे पाठविणारा आपोआप सबुरीने घेतो. एरिक ड्युमाझे यांनी तिला प्रत्येक प्रवाहासाठी निराळ्या रांगेची जोड दिली, म्हणजे पोतेवाल्याने एक पोते घेतले की किलोभर साखरेची पाळी आलीच. डेव्ह टाट यांच्या गटाने हे सारे ओपनडब्ल्यूआरटीच्याच एका शाखेवर घासूनपुसून घेतले. मला यातली मौज वाटते ती अशी, की इतक्या नामवंतांना प्रयोगासाठी कारखाना लागला नाही. बाजारातले साधे राउटर त्यांना पुरले, कारण ते उघडता येत होते.

आम्ही वसतिगृहात एक जुना राउटर मिळविला. एका मुलीच्या भावाने नवा घेतल्यावर तो अडगळीत पडला होता. १६ एमबी फ्लॅश, १२८ एमबी रॅम. आमच्या कामाला भरपूर. त्यावर ओपनडब्ल्यूआरटी घातले, एसक्यूएम नावाची जोडआज्ञावली बसविली आणि वेगाची मर्यादा ४० ऐवजी ३६ लिहिली. मर्यादा थोडी कमी लिहायची ती अशासाठी की रांग पुरवठादाराच्या अंगणात न लागता आपल्या अंगणात लागावी, म्हणजे ती आपल्याला शिस्तीत ठेवता येते. चार एमबीपीएस गेले खरे, पण त्या दिवसापासून कोणाची फाइल चढत असली तरी दुसरीचा घरचा फोन तुटत नाही. अर्थात वेगवान फायबर जोडणी असेल तर जुन्या राउटरचा प्रोसेसर या हिशेबाला दमतो, हेही सांगायला हवे.

हे घालायचे कसे? डबा उलटा करून खालची चिठ्ठी वाचावी. नुसते मॉडेलचे नाव पुरत नाही, आवृत्तीचा आकडाही पाहावा लागतो. वर सांगितलेल्या निळ्या डब्याप्रमाणे नाव तेच ठेवून आतली चिप बदलण्याची चाल आजही सर्रास आहे. ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत तेच मॉडेल आणि तीच आवृत्ती असेल तरच पुढे जावे. फाइली दोन तऱ्हेच्या असतात: कंपनीचे फर्मवेअर असताना घालायची ‘फॅक्टरी’ आणि ओपनडब्ल्यूआरटी आधीच असताना घालायची ‘सिसअपग्रेड’. उतरवून घेतलेल्या फाइलची अंकमुद्रा, म्हणजे चेकसम, जुळते की नाही ते पाहावे. काम वायफायवरून न करता केबलने करावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसल्यामुळे राउटर इन्व्हर्टरवर ठेवावा, कारण फ्लॅश लिहिली जात असताना वीज गेली तर घोटाळा होतो. चार-पाच मिनिटांत यंत्र पुन्हा जागे होते. संगणकाच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकला की नवे घर दिसते. त्यात सुरुवातीला वायफाय बंद असते आणि दाराला पासवर्ड नसतो. आधी पासवर्ड ठेवावा, मग वायफाय सुरू करावे.

मेलेल्या राउटरला या क्षेत्रातले लोक ‘वीट’ म्हणतात. आपल्याला वीट म्हटले की पंढरपूर आठवते, पण त्यांचा अर्थ निव्वळ निरुपयोगी ठोकळा असा आहे. मात्र वीट व्हायची भीती वाटते तितकी मोठी नाही. ओपनडब्ल्यूआरटीची रचना बहुतेक राउटरांवर मोठी सुबक असते: मूळ आज्ञावली छापील पानासारखी, केवळ वाचण्यापुरती ठेवलेली, आणि आपण केलेले सर्व बदल तिच्यावर पसरलेल्या ट्रेसिंग पेपरवर. गोंधळ झाला तर ट्रेसिंग पेपर काढून टाकायचा, खालचे पान जसेच्या तसे. छापील पानच बिघडले तरी पुष्कळ राउटरांत तो छोटा द्वारपाल, बूटलोडर, जिवंत असतो आणि केबलने नवी फाइल स्वीकारतो. द्वारपालच गेला तर मात्र पाटीवर तारा जोडणारा माणूस शोधावा लागतो.

आमचे अण्णा शेतीपंपांच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करतात. त्यांना मी हे सारे सांगितले तेव्हा त्यांनी दोनच प्रश्न विचारले: झाकण उघडता येते का, आणि आतला माल बाजारात मिळतो का. मोटारीत तांब्याची तार कोणती आणि तिचे वेढे किती हे कळले की कोणत्याही कंपनीची मोटार कोणत्याही गावात दुरुस्त होते, असा त्यांचा तीस वर्षांचा हिशेब आहे. सोर्स कोड म्हणजे त्या वेढ्यांचा आकडा, असे मी त्यांना सांगितले. ते त्यांना पटले.

तरीही सगळेच राउटर उघडतात असे नाही. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूआर८४१एन हा स्वस्त राउटर आपल्याकडे घरोघर दिसतो. त्याच्या बहुतेक आवृत्त्यांत ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम आहे. एवढ्याशा जागेत आजचे लिनक्स मावत नाही. अशा राउटरांसाठी ओपनडब्ल्यूआरटीची १९.०७ ही मालिका शेवटची ठरली आणि तीही २०२२ मध्ये संपली. फायबर जोडणीबरोबर पुरवठादार जो डबा देतो तोही सहसा कुलूपबंद असतो; तेथे त्याचा डबा तसाच ठेवून त्याच्या मागे आपला राउटर जोडणे हाच शहाणपणा. हमी रद्द होण्याचाही प्रश्न असतो, म्हणून प्रयोग हमी संपलेल्या राउटरवर करावा.

एक बंधन मात्र सर्वांवर आहे आणि ते योग्यच आहे. वायफाय ही रेडिओची लहर आहे, आणि लहरी सर्वांच्या. सेटिंगमध्ये देश ‘भारत’ असाच ठेवावा, प्रक्षेपणाची शक्ती मर्यादेबाहेर वाढवू नये. याच मुद्द्यावरून अमेरिकेत मोठा वाद झाला. तेथील एफसीसी या नियामक संस्थेच्या मार्च २०१५ च्या एका मार्गदर्शक कागदात, उपकरणात डीडी-डब्ल्यूआरटी घालता येऊ नये यासाठी काय केले आहे, असे कंपन्यांना नाव घेऊन विचारले होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये इंटरनेटचे एक जनक व्हिंट सर्फ आणि वर उल्लेखिलेले डेव्ह टाट यांच्यासह २६० तज्ज्ञांनी त्याविरुद्ध पत्र दिले. त्यांचे म्हणणे, बंद कुलपाने सुरक्षितता वाढत नाही, दुरुस्ती थांबते. त्याच वर्षी तो उल्लेख काढण्यात आला. गंमत अशी की ऑगस्ट २०१६ मध्ये याच एफसीसीने टीपी-लिंकला शक्तिमर्यादेच्या भंगाबद्दल २ लाख डॉलर भरायला लावले, आणि त्याच तडजोडीत इतरांचे फर्मवेअर चालू देण्याचे काम करण्याचे कंपनीकडून कबूल करून घेतले. लहरींचे नियम पाळा, पण घर कुलूपबंद करू नका, अशी ही मधली वाट आहे आणि मला ती राज्यशास्त्राच्या कोणत्याही उदाहरणाइतकी चांगली वाटते.

आपल्या देशातही या डब्यांनी काम केले आहे. जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात परवानामुक्त झाला, आणि पुढच्याच महिन्यात हिमाचल प्रदेशातील धरमशाला येथे तिबेटी संस्थांना जोडणारे बिनतारी जाळे उभे राहू लागले. त्यात ओपनडब्ल्यूआरटीवर आधारलेले फर्मवेअर घातलेले तेच निळे डब्ल्यूआरटी५४जी होते. डोंगराळ मुलखात तार ओढणे कठीण, तेथे एका छपरावरच्या डब्याने दुसऱ्या छपरावरच्या डब्याला निरोप द्यायचा अशी रचना होती.

नोव्हेंबर २०२४ मध्ये, प्रकल्पाला वीस वर्षे पुरी झाली त्या वर्षाच्या अखेरीस, ‘ओपनडब्ल्यूआरटी वन’ नावाचा स्वतःचा राउटर विक्रीला आला. किंमत ८९ डॉलर. त्यात दोन वेगळ्या फ्लॅश आहेत आणि एक बटण सरकविले की बिघडलेले यंत्र दुसऱ्या फ्लॅशवरून उठते, म्हणजे वीट होण्याची धास्तीच नको. विद्यार्थ्याच्या खिशाला तो परवडणारा नाही. अडगळीतला राउटर आपल्याला बरा.

शेवटी मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी एक बातमी. ओपनडब्ल्यूआरटीच्या पडद्याला लुसी म्हणतात, आणि तिच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. स्वयंसेवकांनी केलेले हे भाषांतर अपुरे आहे. आमच्या राउटरवर मराठी निवडली की काही शब्द मराठीत दिसतात आणि पुष्कळसे इंग्रजीतच राहतात. ते पुरे करण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, प्रोग्रॅमिंगही यावे लागत नाही. आम्ही तिघींनी उरलेल्या शब्दांची वही केली आहे. राउटर मोबाइलला ठरावीक काळापुरता पत्ता देतो, त्या देण्याला ‘लीज’ म्हणतात. त्याला मराठीत काय म्हणावे यावर दोन संध्याकाळी वाद चालला. एकीचे मत ‘भाडेपट्टा’, पण भाडे कोण भरते? मी ‘मुदतपत्ता’ सुचविला आहे. कोणाला याहून चांगला शब्द सुचल्यास ग्रंथालयात वर्तमानपत्रांच्या टेबलाशी मी दुपारी तीननंतर असते.